यादीतला दुसरा फोन

१

बिल्ड पहिल्यांदा फेल झाला, म्हणजे कोडमधून अ‍ॅप बांधून निघेना, तेव्हा ओइवाला खरं तर बरंच वाटलं. लॅपटॉपने लाल अक्षरांत स्वच्छ सांगितलं, की जावा जुनी आहे, नवी घाल. वीस वर्षं औलू शहरातल्या कंपनीत फोनची अ‍ॅपं बांधून त्याचं ठाम मत झालं होतं, की या जगात चूक दाखवणाऱ्या संदेशाइतकं प्रामाणिक काही नाही. कुठे दुखतंय ते ओळीच्या नंबरासकट सांगतो. त्याच्या बायकोने, ताइमीने, असं काही सांगितलं नव्हतं. ती दीड वर्ष नुसतं “थकले जरा” म्हणत राहिली, आणि फेब्रुवारीत गेली.

लॅपटॉप तिचाच होता, जानेवारीपासून उघडलेला नव्हता. तो आता तिच्या आईच्या, लेम्पीच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. शेजारी केबलने जोडलेला लेम्पीचा फोन, आणि तिसऱ्यांदा भरलेला कॉफीचा कप.

“अजून दुरुस्त नाही झालं?” लेम्पीने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“आत्ताशी बसलोय गं.”

“माझ्या वेळी गिरणीच्या खानावळीत दीडशे माणसांचं सूप व्हायचं एवढ्या वेळात.”

लेम्पी एकोणऐंशी वर्षांची होती. लाकूड गिरणीच्या खानावळीत तिने आयुष्य काढलं, आणि गिरणी बंद पडली तरी तिथला दरारा काही तिच्या आवाजातून गेला नाही. डोकं मात्र तीन वर्षांपासून दगा देत होतं. जेवण झालं की नाही, गोळी घेतली की नाही, काही लक्षात राहायचं नाही. त्यावर उपाय म्हणून ताइमीने तिच्यासाठी हे अ‍ॅप बनवलं होतं. ठरलेल्या वेळी फोन वाजायचा आणि ताइमी बोलायची. “आई, दोन वाजले. पांढरी गोळी. उभ्याने घेऊ नकोस, आधी बस.”

असे एकेचाळीस निरोप होते. आपल्याला काय झालंय हे कळल्यावर तीन रविवार याच टेबलाशी बसून ताइमीने ते थेट आईच्या फोनमध्ये बोलून ठेवले होते. आईच्या गोष्टी परक्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवायला तिचा ठाम विरोध. त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती. मंगळवारी फोनने स्वतःला अपडेट करून घेतलं, आणि अ‍ॅप उघडता क्षणी मिटायला लागलं. मंगळवारपासून लेम्पीने एकही गोळी घेतली नव्हती. “ताइमीने सांगितलं नाही अजून,” असं ती म्हणे. ताइमीच्या अंत्यसंस्काराला ती स्वतः पहिल्या बाकावर बसली होती, पण ते तिला रोज आठवायचंच असं नाही.

आणि ओइवाचं काय? गवत कापायच्या निमित्ताने दर रविवारी तो तीस किलोमीटर गाडी हाकत इथे यायचा. बरोबर दोन वाजता तो व्हरांड्यात बूट काढत असायचा, एवढं सावकाश, की आतला निरोप पुरा ऐकून व्हावा. गवत चार आठवड्यांपासून पुरेसं आखूड होतं.

२

जावा बदलली. मग बिल्ड म्हणाला, परवाने मान्य केलेले नाहीत. ते केले. मग एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहिलेला तयार कोड, सापडेना. ओइवाने कंपनीतल्या राउनोला फोन लावला. राउनोसारखा मित्र नसलेला बरा आणि नसला तर चालायचंही नाही.

“पुसून पुन्हा बांध,” राउनो म्हणाला.

“बांधलं.”

“एडिटर बंद करून चालू कर.”

“केला.”

“मग लॅपटॉप सौनात नेऊन बसव. वाफेने घाम गेला की सुधारेल.”

“राउनो, मी मस्करीच्या मूडमध्ये नाही.”

“माहीत आहे रे,” राउनोचा आवाज खाली आला. “लायब्ररीचा पत्ता बदललाय. पाठवतो. आणि हे बघ, आधी खात्री कर की म्हातारीचा फोन लॅपटॉपला दिसतोय. नाहीतर बांधून बांधून शेवटी केबलच मेलेली निघायची.”

ओइवाने जोडलेल्या फोनांची यादी मागवली. दोन ओळी आल्या. पहिली लेम्पीच्या फोनची, “जोडलेला” अशी. दुसरी ओळ वायफायवरून आलेली. फोनचं नाव: ताइमी. पुढे लिहिलेलं: “परवानगी नाही.”

“दोन दिसतायत,” तो म्हणाला.

“दुसरा तुझा असेल.”

“माझ्यावरून तर मी तुझ्याशी बोलतोय. आणि तो कधी जोडलेलाच नाही. ताइमीचा आहे.”

“तिचा लॅपटॉप आहे ना? जुनी नोंद राहिली असेल. तिचा फोन कुठे असतो आता?”

“नाही माझ्याकडे,” ओइवा म्हणाला.

“मग नोंदच. मारून टाक आणि परत चालू कर.”

ओइवाने जोडणीचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, यादी पुन्हा मागवली. त्याच दोन ओळी आल्या.

३

जुनी नोंद ती नव्हती, हे त्याला कळत होतं. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकलेलं पोरही हे सांगेल. नाहीशा झालेल्या फोनपुढे यादी “संपर्क नाही” असं लिहिते. “परवानगी नाही” याचा अर्थ फार वेगळा. फोन जागा आहे, पडदा उजळलेला आहे, आणि त्यावर प्रश्न आलाय, की या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? ‘होय’वर कोणीतरी बोट ठेवायची वाट बघत तो प्रश्न तसाच थांबून राहतो.

ताइमीचा फोन ओइवाने स्वतःच्या हाताने तिच्या शवपेटीत ठेवला होता. लोकांना विचित्र वाटेल म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. तिची बोटं घट्ट मिटलेली होती, म्हणून त्याने तो तिच्या उजव्या तळव्याखाली सरकवला. मग झाकण बसलं, आणि ते बसताना तो समोर उभा होता. तेव्हा बॅटरी चौदा टक्के होती. त्याला चार महिने होत आले होते.

त्याने डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला. अंत्यविधीवाल्यांपैकी कोणी फोन काढून घेतला असेल? पण पेटी त्याच्या नजरेआड झालीच नव्हती. ताइमीने आधीचा एखादा फोन तेच नाव देऊन इथे ठेवला असेल? तो उठला आणि स्वयंपाकघरातले खण उघडून बघू लागला. मेणबत्त्या, रबर, गिरणीतल्या बायकांचा फोटो, वाळलेल्या शेपूची पुडी. भिंतीतल्या पॉइंटवर केटलशिवाय काही लावलेलं नव्हतं. वायफायचा डबा माळ्यावर होता. त्याचा सिग्नल धड सौनापर्यंत पोचत नाही म्हणून लेम्पीची कायमची तक्रार. दफनभूमी तर रस्त्यापलीकडे, बर्च झाडांच्या रांगेच्याही मागे.

बाहेर जूनचं ऊन सरळ खिडकीतून आत येत होतं. कुठे सावली म्हणून नव्हती. अशा उजेडात माणसाने घाबरावं तरी कशाला, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि खण बंद केला.

“काय शोधतोस रे?” लेम्पी दारात उभी होती, लोकरीचे मोजे घातलेली.

“ताइमीचा एखादा जुना फोन आहे का इथे?”

“तिचा फोन तिच्याकडे असतो,” लेम्पी म्हणाली. “माझ्याकडे कशाला ठेवेल?”

४

बिल्ड झाला. हिरवी अक्षरं आली. पण एवढ्याने भागत नव्हतं. अ‍ॅपवर बनवणाऱ्याचा जो शिक्का असेल त्याच शिक्क्याची नवी आवृत्ती त्याच्यावर बसते. परका शिक्का दिसला की फोन दारातच अडवतो. ताइमीच्या शिक्क्याची फाइल लॅपटॉपमध्ये होती आणि तिला पासवर्ड होता.

ओइवाने लग्नाची तारीख घातली, ती चालली नाही. कुत्र्याचं नाव, मग या घराचा नंबर, मग आपलं स्वतःचं नाव घालून बघितलं. शेवटचं घालताना त्याला उगीचच आशा वाटली होती. तेही चुकलं. सतरा वर्षांच्या संसारात हा एक शब्द आपण कधी विचारला नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. विचारला असता तर तिने सांगितला असता. तिने काय काय सांगितलं असतं, विचारलं असतं तर.

“लेम्पी, ताइमी लहानपणी कोणाला फार जीव लावायची?”

“मला,” लेम्पी तत्काळ म्हणाली. मग जरा विचार करून, “आणि गाईला. हेलुना नावाची होती आमची. हट्टी बया. संध्याकाळी घरी यायचं नावच नको.”

ओइवाने हेलुना घातलं. चूक.

“ही पोरगी कुंपणावर चढायची,” लेम्पी खुर्ची ओढून बसत म्हणाली. कालचं जेवण न आठवणारी बाई, पण हे तिला लख्ख दिसत होतं. “आणि ओरडायची, हेलुना घरी ये, हेलुना घरी ये! रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. मी म्हणायची, गप बस गं, मेलेले उठून बसतील.”

ओइवाने ती हाक एका दमात, मधे जागा न सोडता टाइप केली: हेलुनाघरीये.

फाइल उघडली. ताइमीच्या शिक्क्याची आवृत्ती तयार होऊन फोल्डरमध्ये पडली. आता ती लेम्पीच्या फोनवर चढवायची, की एकेचाळीस निरोप जागच्या जागी जिवंत. त्याचे डोळे भरून आले. दोन वाजायला अकरा मिनिटं होती.

“दोनला बोलेल ती,” तो म्हणाला.

“तेच तर मी कधीची म्हणतेय,” लेम्पी म्हणाली, आणि कपाटातून गोळ्यांची डबी काढून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

५

त्याने चढवण्याची आज्ञा दिली. लॅपटॉपने नकार दिला. “एकापेक्षा जास्त फोन जोडलेले आहेत.”

हेही रोजचंच. ऑफिसात टेबलावर चार चार फोन लोंबकळत असतात. पण “परवानगी नाही” असलेला फोन या मोजणीत धरत नाहीत. त्याने यादी मागवली.

लेम्पीचा फोन: जोडलेला.

ताइमी: जोडलेला.

ओइवाचे हात टेबलावरच राहिले. तो ती ओळ वाचत राहिला. परवानगी दिली गेली होती. मधल्या वेळात कधीतरी त्या पडद्यावर बोट पडलं होतं. केटल थंड होता होता टकटक करत होती. लेम्पीच्या खोलीतून डबीच्या झाकणाचा आवाज आला, मग तोही थांबला.

आज्ञेत एक शब्द वाढवून कोणत्या फोनवर चढवायचं ते सांगता आलं असतं. ते त्याला येत होतं. त्या दुसऱ्या फोनमध्ये काय आहे ते बघताही आलं असतं. त्यासाठी कीबोर्डपर्यंत त्याचा हात गेला, परत आला. ज्या माणसाला तिचा एक शब्द ऐकायला तीस किलोमीटर यावंसं वाटायचं, त्याला त्या क्षणी एकच हवं होतं. ती ओळ तिथून जायला हवी होती. हे पुढे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण खरं तेच होतं. तो तिला घाबरला.

त्याने दुसऱ्या फोनची जोडणी तोडली. “तोडली,” असं लॅपटॉपने कळवलं.

व्हरांड्यात काहीतरी घासल्यासारखं झालं. मग बाहेरचं दार उघडलं, आणि हळूच, आतल्या माणसाची झोप मोडू नये असं लोटून घेतलं गेलं.

“कोण गेलं रे?” लेम्पी ओरडली.

“वारा असेल!”

“वारा बूट घालत बसतो होय?”

ओइवा लॅपटॉपवर वाकला. लवकर उरकावं, अ‍ॅप चढवावं, लॅपटॉप मिटावा, म्हातारीला घेऊन उन्हात जाऊन बसावं, एवढंच डोक्यात होतं. आणि त्याच्या बोटाने ते केलं जे दिवसातून पन्नासदा करायची त्याला सवय होती. वरच्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबलं.

हिरवं बटण फोल्डरमधली तयार आवृत्ती उचलत नाही. ते जागच्या जागी कच्ची, चाचणीची आवृत्ती बांधतं आणि तिच्यावर चाचणीचा शिक्का मारतं. फोनने तो परका शिक्का ओळखला. लॅपटॉपच्या पडद्यावर नेहमीची चौकट आली: याच नावाचं अ‍ॅप वेगळ्या शिक्क्याचं आहे, ते काढून टाकायचं का, त्यातलं सगळं पुसलं जाईल. या धंद्यातला एकही माणूस ती चौकट आता वाचत नाही. ऑफिसात पुसलं जाण्यासारखं काही नसतंच मुळी. ओइवाचं बोट ‘होय’वर जाऊन आलं, आणि मग त्याच्या डोळ्यांनी ते वाक्य वाचलं.

६

लेम्पीच्या फोनवर अ‍ॅप झकास उघडलं, मिटलं नाही. निळ्या पट्टीवर ताइमीने दिलेलं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: एकही निरोप नाही.

त्याने शोधलं. वेड्यासारखं शोधलं. जिथे काही सापडणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं तिथेही शोधलं. मग यादी मागवली, दुसऱ्या फोनला पुन्हा पुन्हा साद घातली. “ये ना,” तो तोंडाने पुटपुटत होता, “ये ना गं, चुकलो मी.” यादीत एकच ओळ येत राहिली. आलीच होती ती, हाताशी. आणि आपण तिला बिल्डच्या आड येणाऱ्या फालतू फोनसारखं काढून टाकलं. हा विचार त्याला पुरता करवेना.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले. लेम्पी हातात पाण्याचा पेला घेऊन दारात आली.

“बोलली नाही.”

“लेम्पी,” ओइवा म्हणाला, “माझ्या हातून पुसलं गेलं. सगळंच. आता नाही बोलणार ती.”

लेम्पीचा चेहरा हळूहळू आवळत गेला, आणि त्याला दिसलं, की आज, या घटकेला, मुलगी गेल्याचं तिला पूर्ण आठवतंय.

“मूर्ख आहेस,” ती म्हणाली. मग त्याच्या समोर बसली, पेला ठेवला आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. “तू म्हण मग. ती म्हणायची तसं.”

“आई,” ओइवा म्हणाला, “दोन वाजले. पांढरी गोळी. उभ्याने घेऊ नकोस, आधी बस.”

“असं नाही. तिचा आवाज असा नव्हता.”

“माझा आवाज कसा असेल तसा?”

“मग कसा होता?” लेम्पीने विचारलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “अरे, कसा होता तिचा आवाज?”

तो सांगायला गेला. शब्द होते सगळे. थकले जरा. पांढरी गोळी. आधी बस. ते त्याला पडद्यावरच्या अक्षरांसारखे नीट वाचता येत होते, पण ऐकू येत नव्हते. जाड होता की बारीक? हसताना चिरकायचा का? फोनवर पहिला शब्द ती कसा उचलायची? लग्नात पाद्र्यासमोर “हो” म्हणाली तो? जिथे हात घालावा तिथे नुसतं सपाट, काहीच नाही. म्हातारीचं विसरणं नेहमीचं होतं, पण त्याचं वय बेचाळीस होतं, आणि सकाळी गाडीत तो आवाज त्याच्या कानात होता.

“थांब,” तो म्हणाला. “थांब, माझ्याकडे व्हिडिओ आहे. दोन वर्षांपूर्वीच्या योहानुसचा, त्या उन्हाळी सणाचा.”

त्याने आपला फोन काढला. दोन वेळा पासवर्ड चुकला. लेम्पीने चष्मा लावला आणि खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागले.

हेच अंगण होतं. शेगडीवरचे सॉसेज चरचरत होते. सीगल ओरडत होते. “बटाटे गार होतायत!” असं लेम्पी आतून ओरडलेली स्पष्ट ऐकू आली, आणि आत्ताची लेम्पी उगीच हसली. मग ताइमी आली, पिवळ्या स्वेटरमध्ये, हातात शेपू पेरलेल्या बटाट्यांचं भांडं. भांडं टेबलावर टेकल्याचा आवाज आला. तिने केस मागे केले, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

ओठ हलले. सीगल ओरडला. सॉसेज चरचरला. तिचं काही ऐकू आलं नाही.

“आवाज वाढव,” लेम्पी म्हणाली.

ओइवाने वाढवला. पूर्ण होताच, तरी वाढवला. ताइमी अजून बोलत होती, आता हसू नव्हतं, जरा पुढे वाकून, एखादी गोष्ट दोनदा बजावावी तशी. बोलून झाल्यावर ती थांबली, उत्तराची वाट बघत. आणि कॅमेऱ्याच्या मागून ओइवाचा स्वतःचा, दोन वर्षांपूर्वीचा हसरा आवाज आला.

“हो गं बाई, राहील लक्षात.”

“काय?” लेम्पीने विचारलं. तिने त्याची बाही धरली. “काय म्हणाली ती? काय लक्षात राहील?”